छत्तीस तास पुढची हजेरी

डॉ. उज्ज्वला तगारे यांना विद्यार्थिनींची नावं लक्षात राहत नसत आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही. सव्वीस वर्षं त्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवत होत्या. नाव त्या आठवडाभरात विसरत. पण एकदा मनगट हातात धरलं, की ती नाडी दहा वर्षांनी बाजारात भेटली तरी ओळखतील, असं कॉलेजात म्हटलं जाई. त्यात थोडी थट्टा होती आणि बरंचसं खरं होतं. या वर्षी तर नाडीशिवाय ओळखायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या साठ मुलींपैकी एकीचंही तोंड त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

कारण मुका ताप. साथीचं हे दुसरं वर्ष. नाव लोकांनीच पाडलेलं आणि अगदी चपखल. अंग जेमतेम कोमट व्हायचं, खोकला नाही, शिंक नाही, आणि चार-पाच दिवसांनी धडधाकट माणूस पाणी भरता भरता खाली बसायचा तो उठायचाच नाही. हृदयात अगदी बारीक वाटा असतात. वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा त्या वाटांनी खालच्या कप्प्यात पोचतो आणि खालचा कप्पा आवळतो. तोच आपल्याला लागणारा ठोका. हा विषाणू नेमक्या त्या वाटांना सूज आणायचा. वरून इशारे निघत राहायचे, खाली पोचायचे नाहीत. वेळेत इस्पितळात आलेल्या माणसाच्या हृदयात तार घालून बाहेरून ठोके देता येत, आणि आठवडाभरात सूज उतरली की माणूस हसत घरी जाई. सगळा प्रश्न वेळेत येण्याचा होता, आणि मुका ताप तेवढंच होऊ देत नसे.

मेलेल्या शरीरातही हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो असं कळल्यावर देहदान बंद झालं, विच्छेदनाचं दालन रिकामं झालं आणि मुली आपापल्या गावी अडकल्या. मग ठकी आली.

ठकी म्हणजे माणसाएवढी, रबरी कातडीची बाहुली. पडद्यावर फोटो बघून मुलींनीच तिचं हे नाव ठेवलं. डोक्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा, नाक नाही, डोळे नाहीत. गळ्याखाली मात्र सगळं बाईमाणसासारखं. प्रत्येक मुलीला घरी एक जाकीट आणि त्याला जोडलेली, बोलण्या-ऐकण्याची सोय असलेली एक छोटी पेटी दिलेली होती. जाकिटाच्या अस्तरात शेकडो बारीक टिकल्या होत्या. त्या श्वास मोजत, ठोके मोजत, कातडीची ऊब आणि पोटाच्या स्नायूंचा ताण टिपत. दोनशे किलोमीटरवरची एखादी मुलगी जाकीट घालून बसली, की इथे रिकाम्या दालनात, एकुलत्या एका टेबलावर, ठकी तिच्यासारखी श्वास घेऊ लागे. उलटही होत असे. बाईंनी खास हातमोजे घालून ठकीच्या पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये बोट ठेवलं, की जाकिटातली तिथलीच हवेची पिशवी फुगे, आणि हृदयाचं टोक कुठे असतं ते मुलीला स्वतःच्याच अंगावर कळे.

रोज सकाळी दहाला हजेरी. बाईंनी नंबर पुकारायचा, मुलीने ‘हजर’ म्हणायचं, आणि दहा सेकंद ठकी ती मुलगी व्हायची. बाईंचा हात तिच्या छातीवर असे. दहा मिनिटांत साठ जणी हाताखालून जात. पहिल्या आठवड्यात बाई घरी गेल्यावर तीन-तीनदा साबणाने हात धूत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जाकीट घालून ऐंशी टक्के तास भरले नाहीत तर वर्ष बुडेल, असा नियम होता. नियम करणारा कधी एखाद्या वाडीवर राहिला होता का, हे विचारायची सोय नव्हती.

तेवीस नंबरवर बाईंचा जीव होता. तृप्ती मोळावडे, वय अठरा, पाटणच्या वर डोंगरात सावरवाडी नावाची वाडी आहे तिथली. संथ, भरीव नाडी, कष्टाची सवय असलेलं चिवट शरीर. काहीही नवं दाखवायचं असलं की बाई तेवीस नंबर लावायला सांगत. पण पोटाचे स्नायू शिकवताना एकदा त्यांची बोटं थबकली. पोटावर मधोमध दोन उभे स्नायू जोडीने असतात. बाळंतपणात ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि पुष्कळदा पुन्हा पुरते जुळत नाहीत. तेवीस नंबरच्या पोटावर त्या फटीत बाईंची दोन बोटं सहज बसली.

पोर अठराची, अर्जावर ‘अविवाहित’. बाईंनी काढायचा तो अर्थ काढला. पोरीवर काहीतरी ओढवलं असणार, मूल झालं असणार, त्याचं पुढे काय झालं कोण जाणे, आणि सगळं गिळून ती शिकायला उभी राहिली असणार. त्या कुणाजवळ एक अक्षर बोलल्या नाहीत. तिला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. उलट आपण किती समजूतदार आहोत याचं त्यांना मनातून थोडं कौतुकच वाटत राहिलं.

जानेवारीच्या शेवटी आठ नंबरची छाती हाताला गरम लागली. ठोकाही मधूनच चुकत होता. बाईंनी विचारलं तर पोरगी म्हणाली, ठणठणीत आहे, आत्ता भाकरी खाऊन बसलेय. तिसऱ्या दिवशी तिला मुका ताप निघाला. पुढच्या आठवड्यात एकावन्न नंबरचं तसंच झालं. तेव्हा बाई उठल्या आणि दालनाशेजारच्या काचेच्या खोलीत गेल्या. तिथे यंत्रणा सांभाळणारा देऊस्कर नावाचा इंजिनिअर बसे. त्याने आधी उडवाउडवी केली, मग चष्मा पुसला, मग सांगितलं.

डोंगरातल्या वाड्यांवर रेंज कधी असते, कधी नसते. साठ जणींचं शरीर एकाच वेळी ताजं ताजं आणणं शक्यच नव्हतं. म्हणून यंत्रणा प्रत्येक शरीराची लय शिकून घेई आणि मधला वेळ स्वतःच पुढे चालवी. रेंज आली की चुकलेलं दुरुस्त करी. काही आठवड्यांनी दुरुस्त करण्यासारखं काही उरेनाच. माणसाचं शरीर फार शिस्तीचं असतं, देऊस्कर म्हणाला. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, एवढ्यावरून पुढचा दीड दिवस काढता येतो. आजार आत शिरलेला असेल तर त्याची चालही काढता येते. साठही जणी एकाच घड्याळावर राहाव्यात म्हणून त्यांनी सगळ्यांनाच छत्तीस तास पुढे नेऊन ठेवलं होतं.

“म्हणजे सकाळी दहाला मी ज्यांना हात लावते, त्या...”

“उद्या रात्री दहाच्या असतात, मॅडम.”

बाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग त्या त्याच्यावर भरपूर चिडल्या आणि चिडून झाल्यावर खुर्चीत बसल्या. देऊस्करने गयावया केली. रोगनिदानासाठी या यंत्राला परवानगी नव्हती. वर कळलं तर ते उचलून नेतील, आणि मुलींना कळलं तर साठ घरांत रडारड होईल. बाईंनी कबूल केलं, फारसे आढेवेढे न घेता. हाताला संशय आला की त्या मुलीला फोन करायचा, तुझ्या रक्ताचा नमुना खराब झालाय म्हणायचं, गाडी पाठवून इस्पितळात आणायचं. असं त्यांनी आणखी तीन मुलींना वेळेत आणलं. खरं सांगायचं तर बाईंना त्याची गोडी लागली होती. आपल्याला ठाऊक आहे आणि कुणालाच ठाऊक नाही, ही गोडी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांनी तेवीस नंबर पुकारला.

“हजर, मॅडम,” तृप्तीचा आवाज आला. ती चालत असावी, जरा धाप लागलेली होती, मागे कोंबड्या कलकलत होत्या. आणि बाईंच्या हाताखाली ठकी तशीच पडून राहिली.

छाती वर आली नाही. बाईंनी हात दाबून पाहिला. गळ्याशी बोटं नेली. रबर थंड होतं. स्पीकरमधून तृप्तीने विचारलं, ऐकू येतंय ना मॅडम, आणि ती कुणाशी तरी बोलता बोलता हसली.

“येतंय,” बाई म्हणाल्या. “चोवीस.”

चोवीस नंबर लागल्याबरोबर ठकीने भरभरून श्वास घेतला. बाईंनी साठपर्यंत हजेरी पुरी केली, आणि मगच त्या काचेच्या खोलीकडे धावल्या.

देऊस्करने तेवीस नंबरची नोंद मागे सरकवत नेली. बुधवारी दुपारी चारला ठोके होते. चार दहाला मध्ये लांब लांब खंड पडत होते. चार वाजून वीस मिनिटांनी ते थांबत होते. वरच्या कप्प्याचे इशारे त्यानंतरही कितीतरी वेळ निघत होते, कुणीच उचलत नसलेल्या फोनसारखे. आता तेवीस नंबर मला पुढचा नको, आजचा दाखवा, असं बाईंनी सांगितलं. साठ जणींसाठी जे जमत नव्हतं ते एकीसाठी जमण्यासारखं होतं. उपग्रहाची सगळी वाट त्याने सावरवाडीला देऊन टाकली.

फोनवर तृप्तीला त्यांनी नेहमीचीच थाप मारली. रक्ताचा नमुना, गाडी, दोन दिवसांचे कपडे.

“मी एकदम बरी हाय, मॅडम,” तृप्ती म्हणाली. “आन् घरी आई एकलीच ऱ्हाईल.” मग तिने आवाज खाली आणला. “मॅडम, एक सांगायचं हुतं. लई दिस मनात हाय. रागावनार न्हाई न्हवं?”

बाईंना वाटलं, आता ती मुलाचं सांगणार. नेमकी आज, या वेळी.

“काही सांगू नकोस, बाळ. मला सगळं माहीत आहे आणि मी मुळीच रागावलेली नाही.”

“म्हाईत हाय?” पलीकडे सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला. “मग बरं झालं. मला लई भ्या वाटत हुतं.”

गाडी वाडीपर्यंत गेलीच नाही. बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून गावाने रस्त्यावर आडवा चर खणला होता. तृप्ती पिशवी घेऊन त्यात उतरली, पलीकडून वर चढली आणि गाडीत बसली. संध्याकाळी बाईंनी तिला वॉर्डाच्या काचेतून पहिल्यांदा पाहिलं. बारीक चण, दोन वेण्या, छातीला तारा. नाडीच्या मानाने पोर फारच लहान दिसते, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तपासणीत काहीच निघालं नाही. हृदय धडधाकट. रक्तात असं दिसलं की मुका ताप तिला दोन महिन्यांपूर्वी नकळत येऊन गेला होता आणि आता तो तिला पुन्हा होण्यासारखा नव्हता. वॉर्डाचे डॉक्टर वैतागले, एक खाट फुकट अडवल्याबद्दल. उद्या संध्याकाळपर्यंत ठेवा, एवढंच बाई म्हणत राहिल्या.

बुधवारी सकाळी दहाला त्यांनी हजेरी सुरू केली. बावीस झाला आणि जिभेच्या सवयीने त्या तेवीस म्हणून गेल्या.

ठकीने श्वास घेतला.

तृप्ती तीन इमारती पलीकडे खाटेवर पडली होती, अंगात इस्पितळाचा झगा घालून. आणि इथे बाईंच्या हाताखाली ओळखीची, संथ, भरीव नाडी चालली होती. फक्त दर चौथा ठोका गळत होता. बाईंना हात उचलावासा वाटला आणि उचलवेना. स्पीकर खरखरला. मग एका अनोळखी बाईचा दबका आवाज आला.

“हजर.”

“कोण बोलतंय?”

“मी तिची आई, रंजना. पेटीतनं बोलतीय.” आवाज आणखी खाली गेला. “ह्ये जाकीट रोज धाला घालून बसायचं, असं पोरीनं सांगितल्यालं. बसू नगं असं काय सांगून गेली न्हाई, म्हनून बसले. तिची हजेरी तेवढी कापू नका, बाई.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वाडीत घरोघर आजारी माणसं. तृप्ती रोज सकाळी आशाताईबरोबर दारोदार जाऊन नाड्या मोजत होती, ताप बघत होती, म्हाताऱ्यांना खाली तालुक्याला पाठवत होती. शिकतोय ते आत्ता कामाला आलं नाही तर कधी येणार, असं ती म्हणे. हजेरीला ज्या दारात असेल तिथून फोनवर ‘हजर’ म्हणे आणि घरी आई जाकीट घालून बसे. पहिल्या दिवसापासून. बाईंनी पाच महिने ज्या शरीरावर वर्ग शिकवला होता, ते या बाईचं होतं.

“तुम्हाला मुलं किती?” बाईंनी विचारलं. उत्तर त्यांच्या बोटांना कधीचं ठाऊक होतं.

“तीन. थोरल्या दोगी लगीन होऊन गेल्या. तृप्तीच्या वक्ताला लई तरास झाला बगा.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं. बाकीच्या सगळ्या जणींच्या फोनवर हे सगळं ऐकू जात होतं. काल पोरीला खरं सांगितलं असतं, तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती की जाकीट माझ्या अंगावर नसतं. आणि पोरीला बोलू दिलं असतं, तरीही. दोन्ही वेळा तोंड कुणी बंद केलं होतं ते बाईंना पक्कं माहीत होतं.

“रंजनाताई, नीट ऐका,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताप, ठोके, आणि चार वाजून वीस मिनिटं.

ठकीची छाती वरखाली होत होती.

“पोरीला सांगू नका,” रंजनाताई म्हणाल्या. “घाबरंल.”

“सांगणार,” बाई म्हणाल्या. “आता कुणाला काही न सांगण्याचं काम माझ्याच्यानं होणार नाही.”

तृप्ती वॉर्डातून धावत आली, छातीवर तारांच्या चिकटपट्ट्या तशाच. ती रडली नाही. फोन घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि आशाताईला, सरपंचांना, चर खणणाऱ्या चौघांना एकामागून एक फोन लावत सुटली. हृदयाला बाहेरून ठोके देणारं यंत्र तालुक्याच्या एकाच ॲम्ब्युलन्समध्ये होतं आणि ती दुसऱ्या टोकाला गेलेली. ती परत यायला दीड वाजला, घाट चढायला आणखी दोन तास. वाडीतली माणसं चर बुजवायला तयार होती, पण मोळावड्यांच्या घरात पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. त्यांचंही चुकत होतं असं म्हणवत नाही. रंजनाताईंना अंथरुणावर पडून राहायला सांगितलं, जाकीट न काढता.

चार वाजता ॲम्ब्युलन्स चराच्या पलीकडे येऊन थांबली होती. जड यंत्र घेऊन चर ओलांडता येत नव्हता आणि सकाळपासून तो अर्धाच बुजला होता; लोक माती ओढत होते. बाईंनी देऊस्करला विचारलं, जाकिटातल्या पिशव्या किती जोरात मारू शकतात. इजा होऊ नये म्हणून त्यांना मर्यादा घातलेली होती. ती काढा, त्या म्हणाल्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि काढली.

पुस्तकात याबद्दल जेमतेम चार ओळी असतात आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. वरचे इशारे चालू आहेत, खालचा कप्पा गप्प आहे, अशा वेळी छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला मुठीने हलका ठोसा दिला, तर त्या धक्क्यानेच हृदयाला एक ठिणगी मिळते आणि ते एकदा आवळतं. एका ठोशाला एक ठोका. दुसरा हवा असेल तर दुसरा ठोसा. बाईंनी सव्वीस वर्षं हे शिकवलं होतं आणि एकदाही केलं नव्हतं.

चार वीसला ठकी थांबली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

बाईंनी डावी बोटं ठकीच्या गळ्याशी ठेवली आणि उजव्या मुठीने ठोसा दिला. बोटांखाली काही नाही. दुसरा दिला. काही नाही. मूठ दोन बोटं खाली सरकवून तिसरा दिला आणि गळ्याशी एक ठोका लागला, उपटून काढल्यासारखा. चौथा ठोसा, दुसरा ठोका. नव्वद किलोमीटरवर, बंद दाराआड, एका बाईच्या छातीवर तिच्याच अंगातलं जाकीट ठोसे मारत होतं.

सेकंदाला एक. स्पीकरमधून कुणीतरी आकडे मोजायला लागलं. मग दुसरी, मग सगळ्याच. रेंजमुळे प्रत्येकीचा आकडा थोडा मागेपुढे पडत होता, त्यामुळे रिकाम्या दालनात प्रत्येक आकडा ठिकठिकाणांहून घरंगळत येई आणि पुढच्यात मिसळे. दहा मिनिटांनी बाईंचं मनगट बधिर झालं. तेव्हा तृप्तीने न विचारता दुसरे हातमोजे चढवले, बाईंच्या मुठीशेजारी आपली मूठ आणली, आणि एकही ठोका न गाळता काम आपल्याकडे घेतलं.

पेटीतून आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा.

“कोन मारतंय गं?”

“मी हाय, आई.”

“हळू मार.”

“न्हाई येत हळू,” तृप्ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात थांबला नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना पेटीतून दार उघडल्याचा आवाज आला, मग पुरुषांचे आवाज. जाकीट काढल्याशिवाय त्यांना आपलं यंत्र लावता येणार नव्हतं. तृप्तीच्या मुठीखाली ठकी एकदम नुसतं रबर झाली. तृप्ती मारतच राहिली, चार वेळा, पाच वेळा, आकडे कधीच थांबले होते. बाईंनी तिचं मनगट धरलं. पेटीतून कुणीतरी म्हणालं, यंत्राने ठोके धरलेत, बाई डोळे उघडून बघतायत, आम्ही खाली उतरतोय.

तृप्तीने हातमोजे काढले आणि ती टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली. बराच वेळ ती आपल्या मुठीकडे बघत होती.

“मॅडम, तुम्हाला कालच म्हाईत हुतं?”

“हो.”

“मला वाटलं, तुम्हाला जाकिटाचं म्हाईत हाय. म्हनून मी गप बसले.”

बाईंनी आपल्याला काय वाटलं होतं तेही सांगितलं. दोन बोटांची फट आणि त्यावर उभं केलेलं ते सगळं. सांगताना त्यांना आयुष्यात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. तृप्ती चिडली नाही, हसलीही नाही.

“मला इचारायचं तरी,” ती म्हणाली.

मग तिचं लक्ष टेबलावरच्या हजेरीपटाकडे गेलं. चौदा नंबरभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढलेलं होतं, त्याच दिवशीच्या तारखेखाली. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी चौदा नंबरची छाती हाताला गरम लागली होती. नंतरच्या गोंधळात ते राहूनच गेलं होतं.

स्पीकरवर अजून सगळ्या जणी होत्या. कुणीच फोन ठेवलेला नव्हता. बाईंनी माईक जवळ ओढला. काचेआड देऊस्कर नको नको अशी मान हलवत होता. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि साठही जणींना सांगितलं, की इतके दिवस मी सकाळी तुमच्या अंगाला हात लावते ते आजचं नसतं, छत्तीस तास पुढचं असतं. कशावरून कळतं, किती कळतं, काय कळत नाही, सगळं सांगितलं, धडा शिकवावा तसं. कुणीही रडलं नाही. कुठेतरी एक म्हैस ओरडली, तेवढीच.

“चौदा,” बाई म्हणाल्या.

“हजर, मॅडम.” आवाज कापत होता.

“सकाळी मला ताप लागला, तो उद्याचा आहे. आज काही झालेलं नाही, आपल्याकडे भरपूर वेळ आहे. गाडी आत्ता निघेल. पण त्याआधी एक सांग आणि न घाबरता सांग. सकाळी जाकीट कुणाच्या अंगावर होतं?”

पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग चौदा नंबरने फोनपासून तोंड वळवून घरात हाक मारली.

“ताई, जरा इकडं ये गं. मॅडमना तुझ्याशी बोलायचंय.”